सीट सोडण्यास हरकत नाही

रविवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, सोसायटीच्या ए आणि बी इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत, वय वर्षे सहा असलेली एक मुलगी सायकलवरून पडली. डाव्या गुडघ्याचं सालटं निघालं. जखम बिस्किटाएवढी होती, अशी नोंद पुढे इतिवृत्तात झाली. कोणत्या बिस्किटाएवढी, हा खुलासा मात्र राहून गेला.

पडण्यात विशेष काही नव्हतं. चौकशीत जे निष्पन्न झालं ते गंभीर होतं. पडण्याच्या क्षणी त्या मुलीला चार माणसं चार गोष्टी सांगत होती. आई किंचाळत होती, "ब्रेक, ब्रेक!" बाकावरची आजी म्हणत होती, "पाय थांबवू नकोस गं बाई!" चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून एक ताई सांगत होत्या, "हॅंडल सैल सोड!" आणि गेटवरचे वॉचमन मामा नेहमीप्रमाणे ओरडत होते, "पुढं बघ, पुढं बघ!"

मुलगी गुणी. तिनं चौघांचंही ऐकलं.

शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव भारदस्त होतं, पण सोसायटीत तिला सगळे भिंगरी म्हणत. रोज संध्याकाळी साडेपाचला सोसायटीतली सात मुलं सात सायकलींवरून दोन्ही इमारतींना फेऱ्या मारायची आणि त्यांच्या मागून भिंगरी पायानं पळायची. "थांबा ना रे!" असं म्हणत ती पाण्याच्या टाकीपाशी पोचेपर्यंत सातही जण पुढच्या फेरीला निघालेले असायचे. तरी ती पळायची. हे दृश्य तिची आई तिसऱ्या मजल्यावरून रोज बघायची आणि रोज तिचा चहा कपातच गार व्हायचा.

आई मानसशास्त्रात एम.ए. होती. त्यामुळे मुलीच्या आयुष्यात काय काय बिघडू शकतं याची तिच्याकडे क्रमवार यादी असायची. पर्समध्ये जखमेच्या पट्ट्या चार आकारांच्या. आणि एक गोष्ट तिनं नवऱ्यालासुद्धा धड सांगितलेली नव्हती: तिला स्वतःला सायकल येत नव्हती. लहानपणी तिच्या वडिलांनी मागून सीट धरली, ती धरलीच. दुसरीत धरली, सातवीत वडिलांची कंबर धरली म्हणून सायकल माळ्यावर गेली. मधल्या पाच वर्षांत सीट एकदाही सुटली नाही. भिंगरीचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून त्या रविवारी तिनं धीर करून सीट सोडली होती. आणि पुढच्याच क्षणी तो बिस्किटाचा प्रकार झाला.

संध्याकाळी विशेष सभा भरली. अध्यक्षस्थानी होते उपसंचालक. हे गृहस्थ एका प्रशिक्षण संस्थेतून याच पदावरून निवृत्त झाले होते आणि सोसायटीनं त्यांना सेक्रेटरी केलं तरी हाक तीच राहिली होती. पस्तीस वर्षं त्यांनी शिकवणाऱ्यांना कसं शिकवावं हे शिकवणाऱ्यांना शिकवलं होतं. प्रत्यक्ष कुणाला काही शिकवताना त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं.

"अपघाताचं कारण खड्डा नाही, वेगही नाही," ते चष्मा पुसत म्हणाले. "अपघाताचं कारण आहे अतिरिक्त मार्गदर्शन. तुम्ही तिथं कोण म्हणून होता, वहिनी?"

"मी? मी आई आहे तिची."

"ते नातं झालं. मी पद विचारतोय."

"अहो, मी शिकवत होते तिला."

"तिथंच घोळ आहे!" उपसंचालकांनी टेबलावर बोट आपटलं. "शिकवणं हा फार ढगळ शब्द आहे. कुणीही आत शिरतं. इंग्रजीत बघा. टीचर आहे, ट्रेनर आहे, कोच, मेंटॉर, इन्स्ट्रक्टर, गाइड. प्रत्येकाची खुर्ची वेगळी. कोण कुठल्या खुर्चीवर बसलंय हे ठरलं असतं, तर आज त्या लेकराचा गुडघा शाबूत असता."

सभेला हे एकदम पटलं. ज्यांना पटलं नाही, त्यांना शब्दांमधला फरक नीट माहीत नव्हता आणि तो माहीत नाही हे चारचौघांत कबूल करायची त्यांची तयारी नव्हती. ठराव एकमताने मंजूर झाला.

तिसऱ्या दिवशी नोटीस लागली. अकरा पानं. फळ्यावर मावेनात म्हणून ती लिफ्टपर्यंत ओळीनं चिकटवली होती. इन्स्ट्रक्टरने फक्त आज्ञा द्यायची, कारण सांगायचं नाही. ट्रेनरने सायकलला हात लावायचा, मात्र तोंड उघडायचं नाही. कोचने प्रश्नच विचारायचे, उत्तर जिभेवर आलं तरी गिळायचं. मेंटॉर आयुष्यात निदान एकदा पडलेला असावा आणि त्याने ते पडणं सविस्तर सांगावं, शक्यतो बसून. गाइडने पुढे चालायचं, मागे वळून बघायचं नाही. फॅसिलिटेटरने वातावरण तयार करायचं. वातावरण म्हणजे काय, यासाठी परिशिष्ट तीन पाहावे. परिशिष्ट तीनमध्ये लिहिलं होतं की हे फॅसिलिटेटरने ठरवावे.

एका व्यक्तीला एकच पद. पदाचा बिल्ला छातीवर. आणि सर्वांत शेवटी, लिफ्टच्या दाराला लागून, कलम नऊ: ज्या मुलाच्या मार्गदर्शकाचे पद निश्चित झालेले नाही, त्या मुलाची सायकल ऑफिसात जमा राहील.

असं मूल सोसायटीत एकच होतं. बाकीच्या सातांना सायकल येत होती.

संध्याकाळी भिंगरीची लाल सायकल ऑफिसच्या टेबलाखाली गेली. हॅंडलला चिठ्ठी लागली: "नग एक. मार्गदर्शक अनिर्णित." भिंगरी रोज शाळेतून आली की ऑफिसच्या खिडकीच्या गजांतून हात घालायची आणि बोटांनी चाचपत घंटी वाजवायची. एकदाच. मग घरी यायची. चौथ्या दिवशी आतून टेबल सरकवण्यात आलं. त्यानंतर घंटी हाताला लागेना.

"आई, माझी सायकल कधी देणार?"

"फॉर्म भरला की."

"मग भर ना!"

आईनं त्याच दिवशी भरला. 'पद' या रकान्यात तिनं 'आई' लिहिलं. फॉर्म शेऱ्यासह परत: "सदर पद यादीत नाही." तिनं 'शिक्षिका' लिहिलं. शेरा आला: "स्थानिक शब्द ग्राह्य धरले जाणार नाहीत. अर्थ सर्वांना कळत असल्याने गैरसमज होण्याची शक्यता."

मग ती शब्दकोश घेऊन बसली. कॉलेजात बक्षीस मिळालेला जाडजूड कोश होता. कोच म्हणजे काय, तर ट्रेनर. ट्रेनर म्हणजे इन्स्ट्रक्टर. इन्स्ट्रक्टर म्हणजे टीचर, टीचर म्हणजे गाइड, गाइड म्हणजे मेंटॉर. मेंटॉर बघितलं, तर तिथं लिहिलं होतं, पाहा: कोच. कोश दोन्ही इमारतींना फेरी मारून पुन्हा पाण्याच्या टाकीपाशी आला होता.

"अगं, काहीही लिही," नवरा लॅपटॉपमधून मान न काढता म्हणाला. "कोच लिही. बरं वाटतं कानाला."

"बरं वाटतं काय? कोच लिहिलं तर मला फक्त प्रश्न विचारता येतील."

"मग? आत्ता काय करतेस दुसरं?"

यावर तिनं उत्तर दिलं नाही, कारण सुचलेलं प्रत्येक उत्तर प्रश्नच होतं. पण कल्पना वाईट नाही असं तिला वाटलं आणि तिनं दोन दिवस घरी सराव करून पाहिला.

"भिंगरी, दात घासून झाल्यावर ब्रश कुठं ठेवावा असं तुला वाटतं?"

भिंगरीनं बराच विचार केला. "फ्रीजमध्ये."

कोचला उत्तर नाकारता येत नाही. ब्रश दोन दिवस फ्रीजमध्ये राहिला. तिसऱ्या दिवशी सासूबाईंना तो दह्याच्या भांड्यात सापडला तेव्हा घरातलं कोचिंग बंद झालं.

दरम्यान नियमांनी बाळसं धरलं होतं. एकदा नियम झाला की तो सायकलीपुरता ठेवणं हा इतर वाहनांवर अन्याय असतो. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी गाडी मागं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा नेहमीसारखं "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, बस" म्हणायला कुणी पुढं होईना. ती आज्ञा होती, आणि इन्स्ट्रक्टर अंघोळीला गेले होते. कर्तव्यावर फक्त कोच हजर होत्या. चौथ्या मजल्यावरच्या, हॅंडल सैल सोडायला सांगणाऱ्या त्याच ताई. कंपन्यांमधून कार्यशाळा घेत असल्यामुळे त्यांना हे पद बिनविरोध मिळालं होतं.

"डॉक्टर," त्या गाडीमागं उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "आत्ता या क्षणी तुमच्या मागं काय असेल असं तुम्हाला वाटतं?"

"मला दिसत असतं तर तुम्हाला कशाला उभं केलं असतं? येऊ का मागं?"

"येण्याबद्दल तुमची स्वतःची भावना काय आहे?"

डॉक्टरांची भावना सकारात्मक होती. मागं खांब होता.

त्याच आठवड्यात बी इमारतीत एक पाहुणे आले. त्यांनी खाली "तीनशे चार कुठं?" असं विचारलं आणि उभी असलेली सहाही माणसं आपापल्या चपलांकडे बघू लागली. गाइड परगावी गेले होते. पाहुणे चुकून दोनशे चारमध्ये शिरले. चुकलात, हे सांगण्याचं पद त्या घरात कुणाकडेच नव्हतं. त्यांनी पाहुण्यांना जेवू घातलं, अंथरूण घातलं. पाहुणे दुसऱ्या दिवशी निघताना डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "इतकी माया तीनशे चारमध्ये कधीच मिळाली नव्हती."

आता वॉचमन मामांविषयी. भिंगरी ज्यांच्या मागून पळायची त्या सातही मुलांना सायकल मामांनीच शिकवली होती, आणि त्यांच्या आधीच्या तीस-पस्तीस पोरांनाही. तेव्हा त्यांनाही रीतसर मुलाखतीला बोलावलं गेलं. भिंगरीची आई चौथ्यांदा फॉर्म द्यायला ऑफिसात आली होती, तिनं ती समोर बसून ऐकली.

"तुमची पद्धत सांगा," उपसंचालक म्हणाले.

"पद्धत कसली साहेब? मागनं सीट धरायची. पळायचं. मग सोडायची."

"सोडण्यापूर्वी मुलाला सूचना देता?"

"छे छे! सांगितलं की पोर पडलंच."

"मग त्या वेळी तोंडाने काय म्हणता?"

"धरलंय, धरलंय म्हणतो."

उपसंचालकांचं पेन थांबलं. "आणि धरलेलं असतं?"

"कशाला धरू?" मामा मनापासून हसले. "सोडलेलं असतं की!"

अकरा पानांत सहा पदं होती, पण त्यात खोटं बोलणाऱ्याची सोय नव्हती. मामांच्या फॉर्मवर 'अवर्गीकृत' शिक्का बसला आणि लहान मुलांना उद्देशून काहीही बोलण्यास त्यांना मनाई झाली. सवय मात्र हुकमानं जात नाही. संध्याकाळी मुलं फेऱ्या मारू लागली की मामांचं तोंड उघडायचं, "पुढं..." एवढं बाहेर यायचं आणि बाकीचं ते गेटच्या कडीला सांगायचे.

त्या संध्याकाळी आई मुद्दाम गेटपाशी गेली.

"मामा, एक विचारू? कधी सोडायचं ते तुम्हाला कळतं कसं?"

मामांनी ऑफिसच्या खिडकीकडे पाहिलं. "मॅडम, मला बंदी आहे."

"मुलांशी बोलायला. मी कुठं मूल आहे?"

"तुम्ही मुलाच्या वतीनं विचारताय. साहेब म्हणतील एकच आहे." त्यांनी थोडा विचार केला. मग ते आपल्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे वळले, तिची पाठ मागून धरली आणि खुर्चीलाच म्हणाले, "हे बघ बाई खुर्चे. आधी सीट हाताला जड लागते. सगळा भार आपल्यावर. मग एका फेरीला ती हलकी लागते. हलकी लागली की तू धरायचं कारण संपलं. तरी धरून ठेवशील, तर तूच तिला वाकडी करशील. कळलं का खुर्चे?"

"आणि हलकी लागली तरी हात सुटत नसेल तर?" आईनं हळूच विचारलं.

मामांनी खुर्चीची पाठ सोडली. "त्याला काय करायचं," ते खुर्चीला म्हणाले, "ते मला नाही ठाऊक."

पाचव्या फॉर्मवर आईनं 'ट्रेनर' लिहिलं. अकरा पानांत सायकलला हात लावायची मुभा फक्त त्याच पदाला होती. फॉर्म मंजूर झाला. निळा बिल्ला मिळाला. बिल्ला लावून ती घरी आली तेव्हा सासूबाईंनी नुसतं पाहिलं आणि पदराखालचा स्वतःचा जांभळा बिल्ला वर काढला. त्यांची मेंटॉर म्हणून निवड परवाच झाली होती. वयाच्या नवव्या वर्षी त्या चुलतभावाच्या सायकलवरून चिखलात पडल्या होत्या, आणि एवढ्या जुन्या अनुभवाचा उमेदवार दुसरा नव्हता.

"अहो आई, तुम्ही सांगितलं नाहीत ते!"

"कसं सांगू? मला फक्त चिखलाचंच सांगायला परवानगी आहे."

चाचणी रविवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ठरली. सोसायटी झाडून खाली उतरली होती. सातही सायकलवाली मुलं टाकीच्या कठड्यावर ओळीनं बसली. लाल सायकल टेबलाखालून बाहेर आली. चिठ्ठी तशीच फडफडत होती. भिंगरीनं आधी घंटी वाजवून बघितली. दोनदा.

"कार्यपद्धती ऐका," इन्स्ट्रक्टरचा लाल बिल्ला लावलेले उपसंचालक म्हणाले. ते अध्यक्षही होते, पण एक व्यक्ती एक पद हा नियम त्यांनीच केलेला असल्यानं त्यांना तो लागू नव्हता. "ट्रेनर धरेल. मी आज्ञा देईन. मुलीची मानसिक तयारी कोच अजमावतील. मेंटॉर धीर देतील. आणि सीट सोडण्यापूर्वी पालकाने 'सीट सोडण्यास हरकत नाही' या पत्रावर तीन प्रतींत सही करायची."

"पालक मीच आहे," आई म्हणाली.

"मग तुम्ही करा."

"पण ट्रेनरसुद्धा मीच आहे. सीट मी धरलेली असणार."

"ट्रेनर म्हणून धरा, पालक म्हणून सही करा. यात अडचण काय आहे?"

अडचण आईला दिसत होती, पण ट्रेनरला तोंड उघडायची परवानगी नव्हती आणि बिल्ला ती आधीच लावून बसली होती.

कोच पुढं झाल्या, भिंगरीसमोर उकिडव्या बसल्या. "भिंगरी, तुझ्या आतली सायकल तुला काय सांगतेय?"

भिंगरीनं वाकून बघितलं. "आत नाहीये. खाली आहे."

"तयारी समाधानकारक," कोचनी लिहून घेतलं.

"अगं, मी नऊ वर्षांची होते," बाकावरून आजींनी सुरुवात केली.

"आजी, माहितीये. चिखल."

"निघा!" उपसंचालकांनी आज्ञा दिली.

सायकल निघाली. आई कमरेत वाकून, दोन्ही हातांनी सीट धरून मागून पळू लागली. पहिल्या फेरीला सीट जड होती. सगळा भार तिच्या मनगटांवर, सायकल डावीकडे, सायकल उजवीकडे. दुसऱ्या फेरीलाही तेच. गेटसमोरून जाताना मामांनी तोंड उघडलं आणि आवळून मिटलं. तिसऱ्या फेरीला, बी इमारतीच्या कोपऱ्यावर, अचानक काहीतरी झालं. सीट हलकी लागली. अगदी हलकी. जणू आई सायकलीला धरत नव्हती, सायकलच तिला ओढत होती.

तिला कळलं. हातांना कळलं नाही. बोटं सीटखालच्या सळईला अशी चिकटली होती की ती आपलीच आहेत की वडिलांची, अशी तिला शंका यावी. सोड, असं ती बोटांना मनातल्या मनात म्हणत होती; पण बोटांना आज्ञा देणं हे इन्स्ट्रक्टरचं काम.

"ट्रेनर, इकडं!" उपसंचालक रजिस्टर उघडून वाटेतच उभे होते. "सही. सोडण्यापूर्वी. तीन प्रती."

ती आयुष्यभर आज्ञाधारक होती. शाळेत, कॉलेजात, सासरी. कुणी कागद पुढं केला की सही करायची, ही तिची जुनी सवय. तिनं उजव्या हातानं पेन घेतलं. वाऱ्यानं कागद उडत होता, म्हणून डाव्या हातानं रजिस्टर दाबून धरलं. पहिली प्रत. पूर्ण नाव, तारीख. दुसरी प्रत. पूर्ण नाव.

"तारीख राहिली," उपसंचालक म्हणाले.

तिनं तारीख घातली. तिसरी प्रत. मग तिला जाणवलं की आपले दोन्ही हात रजिस्टरवर आहेत.

तिनं मान वर केली. लाल सायकल पाण्याच्या टाकीपाशी पोचली होती आणि वळत होती. वळताना जराशी कलली. कठड्यावरची सातही मुलं उभी राहिली. भिंगरीचा आवाज आला, पातळ, घाबरलेला: "आई, धरलंयस ना?"

पटांगणात पाच बिल्ले होते. इन्स्ट्रक्टरनी घड्याळ बघितलं. कोच प्रश्न शोधत होत्या. फॅसिलिटेटर वातावरणाकडे बघत होते.

"धरलंय!" आई जिवाच्या आकांतानं ओरडली. "धरलंय गं राणी, धरलंय! पुढं बघ!"

गेटपाशी मामांनी टोपी काढली आणि पाठ फिरवली. त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की काय, ते गेटच्या कडीलाच ठाऊक.

भिंगरी पूर्ण फेरी मारून आली, ब्रेक लावला आणि एक पाय टेकून उभी राहिली. आईला रजिस्टरशेजारी बघून तिचे डोळे मोठे झाले. तशीच वळली आणि दुसऱ्या फेरीला निघाली. या वेळी कठड्यावरच्या सात मुलांनी आपापल्या सायकली उचलल्या, आणि त्यांतला सर्वांत लहान, ज्याची चेन पडलेली होती, तो पायानंच मागून पळत सुटला: "भिंगरे, थांब ना!"

चौकशी लगेच झाली. सीट पहिल्या प्रतीवर सही होण्याआधीच सुटल्याचं घड्याळावरून सिद्ध झालं. म्हणजे तिसरी सही होईपर्यंत सुमारे अर्धा मिनिट मुलगी विनापरवाना चालवत होती. शिवाय ट्रेनर बोलली, आणि बोलली तेही खोटं. आईचा निळा बिल्ला काढून घेण्यात आला. तिनं तो हसत दिला.

अडलं ते प्रमाणपत्रावर. 'कोणी शिकवले' हा रकाना रिकामा ठेवता येत नव्हता आणि तिथं स्वतःचं नाव यावं असं पाच जणांना वाटत होतं. कोचच्या मते सगळं त्या एका प्रश्नानं झालं होतं. आजींच्या मते चिखलानं. शेवटी मुलीलाच विचारायचं ठरलं.

"सांग बाळ, तुला सायकल कुणी शिकवली?"

"कुणी नाही," भिंगरी घंटीवर बोट ठेवून म्हणाली. "आई सही करत होती."

उपसंचालक विचारात पडले. पस्तीस वर्षांच्या सेवेत इतका स्पष्ट पुरावा त्यांना मिळाला नव्हता. मंगळवारी सुधारित नोटीस लागली. सायकल सही केल्याने येते असे प्रत्यक्ष चाचणीत आढळून आले असून, यापुढे सर्व पालकांनी मूल सायकलवर बसताच तीन प्रतींत सही करावी. सीट धरण्याची आवश्यकता नाही.

पुढच्या रविवारी नव्या खेपेची पाच पोरं सायकलवर बसली आणि पाच पालक रजिस्टरवर वाकले. पंधरा सह्या झाल्या. दहा गुडघे फुटले. समितीनं प्राथमिक निष्कर्ष काढला की काही पालकांनी तारीख घातली नसावी.

भिंगरीची आई हे सगळं तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून बघत होती. यात पडायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. पाच दिवस तिनं ते पाळलंसुद्धा. सहाव्या दिवशी खाली एक नव्यानं राहायला आलेली बाई मुलाला सायकल शिकवत होती. एका हातात रजिस्टर, दुसऱ्या हातानं तिनं मुलाचा खांदा गच्च धरला होता. खांदा! आईनं ओठ चावला. कठडा धरला. एक फेरी गेली, दुसरी गेली.

"अहो!" ती ओरडली. "खांदा नाही, सीट! सीट धरा! आणि सोडताना सांगू नका त्याला!"

खालची बाई थांबली. तिनं कपाळावर हात धरून वर बघितलं. "तुम्ही कोण?"

प्रश्न साधा होता. घरात अनेक उत्तरं होती. तीनशे पानांचा कोश होता, पाच फेटाळलेले-मंजूर झालेले फॉर्म होते, आत सायकलची घंटी वाजवत बसलेली पोर होती.

"कोच," भिंगरीची आई म्हणाली, आणि तिची मान जराशी ताठ झाली.

खालच्या बाईनं लगेच खांदा सोडून सीट धरली.

ही हकिगत वाचताना ज्यांना मध्येच कुठंतरी 'त्या बाईनं खरं म्हणजे असं करायला हवं होतं' असं वाटून गेलं असेल, त्यांच्या नावाचा फॉर्म ऑफिसात तयार आहे. तीन प्रती आहेत. आपलं पद कोणतं, तेवढं येण्याआधी ठरवून या. आणि तारीख विसरू नका.